टायबरच्या खोऱ्यातला नाईक

प्रतापगडाखाली अफझलखानाची फौज मोडल्यानंतर शिवाजी महाराजांनी काय केले, याची हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत सांगितली आहे. ही बखर त्याने पुढे जिंजीच्या मुक्कामी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. पाडाव झालेले हत्ती, घोडे, उंट, कापड आणि जडजवाहीर यांची मोजदाद मोठ्या हौसेने करणारा हा बखरकार त्याच ओघात लढाईत पडलेल्यांच्या घरांकडे वळतो, आणि ज्यांना मुलगे होते त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन त्यांचे चालविले, ज्यांना नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले, जखमींना जखमेच्या मानाने बक्षिसे दिली, असे नोंदवून ठेवतो. पुढे पेशवाईच्या दफ्तरात हाच प्रघात ‘बालपरवेशी’ या नावाने सरकारी खर्चाची एक नेहमीची बाब होऊन बसलेला आढळतो. मेलेल्या शिपायाचा गौरव म्हणजे त्याच्या मागे राहिलेल्यांच्या पोटाची तजवीज, असा रोकडा हिशेब या मुलखात तीनशे वर्षांपूर्वी रूढ होता. त्यात पदक नव्हते, फर्मानातील अलंकारिक वाक्य नव्हते, पण धान्य होते.

इंग्रजांची रीत निराळी होती, आणि प्रारंभी तर ती आपल्याला चमत्कारिकच वाटावी अशी होती. व्हिक्टोरिया राणीने २९ जानेवारी १८५६ रोजी आपल्या नावाचा क्रॉस निर्माण केला तेव्हा तो शौर्य गाजवून जिवंत राहिलेल्यांसाठी होता. पराक्रम करता करता जो पडला त्याच्याविषयी फार तर एवढेच जाहीर होई की तो वाचता तर राणीसरकारकडे त्याची शिफारस केली गेली असती. झुलूंच्या मुलखात इसांडलवानाच्या लढाईत २२ जानेवारी १८७९ रोजी पलटणीचे निशाण वाचविताना मेलव्हिल आणि कॉगहिल हे दोन लेफ्टनंट मारले गेले. त्यांच्या आप्तांच्या हाती तो क्रॉस पडण्यास १९०७ साल उजाडावे लागले, आणि मरणोत्तर सन्मानाची तरतूद मूळ सनदेच्या कलमांत स्पष्ट शब्दांनी दाखल होण्यास १९२०. हिंदी शिपायाच्या वाटेत तर आणखी एक दार बंद होते. कंपनी सरकारने १८३७ साली त्याच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ काढली होती खरी, पण व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या छातीवर लागू शकेल असे फर्मान १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहाने सोडले तेव्हाच ते दार उघडले. त्यानंतर चार वर्षांच्या आत फ्रान्समधील न्यव्ह शापेलच्या खंदकांत पडलेल्या गबरसिंह नेगी या गढवाली शिपायाला तो मरणोत्तर मिळाला. मराठा पलटणींच्या वाट्यास तो यावयास मात्र दुसरे महायुद्ध आणि १९४४ चा उन्हाळा यावा लागला, आणि तो ज्याला मिळाला त्याला त्याची वार्ता कधीच कळली नाही.

त्याचे नाव यशवंत घाडगे. तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव म्हणून गाव आहे, तेथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्याचा जन्म झाला. हा मुलूख रायगडाच्या सावलीतला. भाताची खाचरे थोडी, डोंगरउताराची वरकस जमीन फार, आणि भाऊबंदकीत तिचेही तुकडे होत होत एकेकाच्या वाट्याला उरलेले क्षेत्र असे की त्यावर एका कुटुंबाचे वर्ष निघू नये. म्हणून येथल्या तरुणाला घराबाहेर पडण्याचे दोनच राजरस्ते ठाऊक होते: एक मुंबईच्या गिरण्यांकडे जाई आणि दुसरा बेळगावच्या छावणीकडे, जेथे मराठा लाइट इन्फंट्रीचे शिक्षणकेंद्र होते. दोन्ही रस्त्यांवरून गावाकडे परत येई ती मनीऑर्डर. आणि कोकणचा इतिहास लिहिणाऱ्याने राजांच्या वंशावळींइतकेच लक्ष या मनीऑर्डरींकडे दिले तर त्याला पुष्कळ गोष्टींचा उलगडा होईल, असे मला नेहमी वाटत आले आहे.

यशवंत घाडगे ज्या पलटणीत होता ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. हे नाव तिला १९२२ च्या पुनर्रचनेत मिळाले. त्यापूर्वी ती ११० वी मराठा म्हणून ओळखली जाई, आणि त्या नावाने तिने पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाचे वाळवंट तुडवून, जनरल टाउनशेंडबरोबर कुतल अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून, २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांपुढे शस्त्रे ठेवण्याची नामुष्कीही पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धात तिचे दैव पालटले. १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियातील केरेनच्या उभ्या कड्यांवर इटालियन फौज ठाण मांडून बसली असता, ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी याच मराठ्यांनी पुष्कळ माणसे गमावून काबीज केली. मराठा पलटणींची ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धघोषणा त्याच मोहिमेत प्रथम दुमदुमली, असे रेजिमेंटच्या परंपरेत सांगतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसांना आफ्रिकेतील ते कडे अगदीच परके वाटले नसावेत.

केरेनला या पलटणीचा कमांडिंग ऑफिसर डेनिस रीड हा होता, आणि या अधिकाऱ्याची हकीकत एखाद्या कादंबरीत घातली तर टीकाकार तिला अतिरंजित म्हणतील. पुढे ब्रिगेडचा सेनापती झालेला रीड १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडला, इटलीच्या बंदिवासात राहिला, तेथून १९४३ च्या अखेरीस निसटून दोस्तांच्या गोटात येऊन पोहोचला, आणि १९४४ च्या आरंभी दहाव्या हिंदी डिव्हिजनचा मेजर जनरल म्हणून ज्या देशात तो कैदी होता त्याच देशात लढाईस उभा राहिला. त्या डिव्हिजनमध्ये त्याची जुनी मराठा पलटण होती. मैदानी टँकयुद्धाच्या काळात डोंगरात रात्रीच्या अंधारात पायदळ चढविण्यावर त्याचा भर असे. तो भर कोठून आला हे केरेन पाहिलेल्या शिपायांना सांगावे लागले नसेल.

४ जून १९४४ रोजी रोम पडले. परंतु दोनच दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या आणि जगाची नजर तिकडे वळली. इटलीची मोहीम तेव्हापासून वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर गेली. येथे लढणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र संपले असे काहीच नव्हते. फील्ड मार्शल केसेलरिंग उत्तरेस आपेनाइन पर्वतात ‘गॉथिक लाइन’ नावाची तटबंदी पुरी करून घेत होता, आणि ती पुरी होईपर्यंत दोस्तांना प्रत्येक टेकडीवर अडवून त्यांच्याकडून वेळेची किंमत वसूल करावयाची, हे त्याचे धोरण होते. पेरुजियाच्या उत्तरेस टायबर नदीचे जे वरचे खोरे आहे ते या धोरणास जणू मुद्दाम घडविल्यासारखे आहे. मध्ये अरुंद सपाटी, तीत द्राक्षांचे मळे, तंबाखूची आणि गव्हाची शेते. दोन्ही अंगांना ओक वृक्षांच्या झाडीने भरलेल्या डोंगरसोंडा. आणि दर सोंडेच्या माथ्यावर जाड दगडी भिंतींचे एखादे शेतघर, ज्याच्या खिडकीत एक मशीनगन ठेवली की खालची सारी वाट बंद होते. जूनच्या अखेरीस दहावी हिंदी डिव्हिजन या खोऱ्यात आघाडीवर आली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तीदे आणि मोंतोने ही गावे हाती आली, आणि पुढचे मोठे ठाणे जे चित्ता दी कास्तेल्लो ते पडावयास २२ जुलै उजाडली. नकाशावर ही मजल जेमतेम वीतभर भरते. तिच्या मधोमध १० जुलै ही तारीख येते.

त्या दिवशी मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढविला. कंपनीतील एका रायफल सेक्शनचा म्होरक्या नाईक यशवंत घाडगे हा होता. सेक्शन म्हणजे दहाएक माणसे. शिवाजी महाराजांच्या पायदळातही नऊदहा लोकांवर एक नाईक असे, आणि हुद्द्यांच्या उतरंडीतील ही सर्वांत खालची पायरी इतकी राज्ये बदलली तरी जवळजवळ जशीच्या तशी राहिली, याचे कारण उघड आहे: एका माणसाने हाक मारली तर ऐकू जावी आणि त्याने मागे वळून पाहिले तर प्रत्येकाचा चेहरा दिसावा, एवढ्याच संख्येचा तो मेळ असतो. हवालदार आणि सुभेदार माणसे मोजतात. नाईक त्यांना घरच्या नावाने ओळखतो.

हा सेक्शन पुढे सरकत असता अगदी जवळून त्याच्यावर मशीनगनचा मारा सुरू झाला. मशीनगन लांबून मारा करते तेव्हा शिपायाला जमिनीला चिकटून आडोसा शोधण्यास क्षणभर तरी अवधी सापडतो. जवळच्या माऱ्यात तो सापडत नाही. सेक्शनमधील माणसे एकामागून एक पडली, कोणी मेले, कोणी जखमी झाले, आणि पायांवर उभा असा एकटा नाईक राहिला. युद्धशास्त्राच्या कोणत्याही नियमाने त्याने या वेळी काय करावयास हवे होते, हे सांगणे सोपे आहे. आडोसा धरावा, मागच्या प्लॅटूनला खूण करावी, तोफांचा किंवा उखळींचा मारा त्या ठाण्यावर आणवावा. यात भीरुता नाही, ही शिस्तच आहे, आणि तसे करणाऱ्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु ती मशीनगन तोवर चालूच राहिली असती, आणि तिच्या समोर उघड्यावर त्याची जखमी माणसे पडलेली होती. त्याच्या मनात हा विचार होता असे मी म्हणत नाही, कारण ते सांगावयास कोणी उरले नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ती माणसे होती, एवढे मात्र खरे.

तो सरळ त्या मशीनगनवर धावून गेला. पहिल्याने त्याने हातबाँब फेकला. त्याने ती मशीनगन निकामी झाली आणि ती चालविणारा ठार झाला. मग हातातल्या टॉमीगनने त्याने मशीनगनवरच्या आणखी एकास उडविले. येथे त्याच्या बंदुकीतील मॅगझीन रिकामे झाले. टॉमीगन हे जवळच्या झुंजीचे शस्त्र, तिच्यातील गोळ्या पाहता पाहता संपतात, आणि दुसरे मॅगझीन कमरेच्या थैलीतून काढून, पहिले सोडवून, त्याच्या जागी बसविण्यास सरावलेल्या हातालाही काही क्षण लागतात. समोर दोन जर्मन अजून जिवंत होते आणि त्यांच्यात व त्याच्यात अंतर हातभर राहिले होते. ते क्षण त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा त्याने ती दहाएक पौंड वजनाची बंदूक नळीकडून धरली, झाडलेल्या गोळ्यांनी नळी किती तापली असेल याची कल्पनाच करावी, आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना जागीच ठार केले. बाँब, गोळी आणि सोटा: विसाव्या शतकातील यंत्रयुद्धाने काही क्षणांत उलटी वाट चालून माणसाला पुन्हा आपल्या पूर्वजांच्या हत्याराशी आणून सोडावे, असा हा प्रकार झाला.

ठाणे पडले, पण आसपासच्या झाडीत शत्रूचे नेमबाज दबा धरून होते. त्यांच्या गोळ्या त्याला छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने घेतलेल्या त्या ठाण्यातच नाईक यशवंत घाडगे याने प्राण सोडला. त्याला बाविसावे वर्ष पुरे होऊन आठ महिनेही झाले नव्हते.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते सरकारी शिफारशीतील एका परिच्छेदावरून. २ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडन गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात आहे त्याहून अधिक सांगू पाहणारा बहुधा कल्पनेच्या शेतात शिरतो. बखरकारांच्या हाती ही लढाई पडती तर मारल्या गेलेल्या गनिमांचा आकडा चारांवर थांबता ना. गॅझेट मात्र चार म्हणून गप्प बसते, आणि मला त्याची ही काटकसर अतिशय परिणामकारक वाटते. त्यात एक वाक्यांश आहे ज्यावर सारा परिच्छेद तोललेला आहे: बरोबर येण्यास आपला एकही माणूस शिल्लक नाही हे पुरते जाणून तो पुढे गेला, अशा अर्थाचा. शौर्याच्या शिफारशीला नुसते साहस पुरत नाही, साहस करणाऱ्यास परिणामाची जाणीव होती हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या जबान्या लागतात. म्हणजे त्या उतारावर जखमी होऊन पडलेल्यांपैकी, किंवा बाजूच्या तुकडीतील, कोणीतरी हे डोळ्यांनी पाहिले, आणि पुढे ते सांगण्याइतका तो जगला. पाहणारा नसता तर हीच कृती, हेच धैर्य, हाच मृत्यू पलटणीच्या रोजकीर्दीत ‘एक नाईक ठार’ एवढ्या तीन शब्दांत जिरून गेला असता. आणि तसे किती जिरले असतील याचा हिशेब कोणत्याच दफ्तरात नाही. त्या काळी व्हिक्टोरिया क्रॉस सोडला तर मिलिटरी मेडल, मिलिटरी क्रॉस यांसारखी नेहमीची लष्करी पदके मेलेल्यास देताच येत नसत, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. मेलेल्याच्या बाबतीत सरकारचे माप बहुतांशी असे होते की एकतर सर्वोच्च सन्मान, नाहीतर खलित्यातील नुसता नामनिर्देश.

इटलीच्या मोहिमेत एकंदर २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी ६ हिंदी सैन्यातील शिपायांचे. त्या सहांपैकी तिघे, म्हणजे घाडगे, शेरबहादुर थापा आणि थमन गुरुंग, आपला क्रॉस पाहावयास राहिले नाहीत. मराठा पलटणींचा दुसरा मानकरी, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील निमजचा नामदेव जाधव, याने ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी पराक्रम केला. तो सुदैवाने वाचला आणि १९८४ पर्यंत जगला. एकाच रेजिमेंटच्या या दोन पुरुषांत मराठी वाचकाला जाधव थोडा तरी परिचित आहे, घाडगे बहुधा नाही. जो परत आला त्याला लोक पाहू शकले, हार घालू शकले, प्रश्न विचारू शकले.

परंतु विस्मरणाचे तेवढेच कारण नव्हते. १९४४ हे साल मराठी मनात ज्या आठवणींनी व्यापलेले आहे त्या टायबरच्या खोऱ्यातल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात नेहरू, पटेल आणि आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते, साताऱ्याच्या खेड्यांत नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांच्या कचेऱ्यांना जुमानीत नव्हते, आणि पूर्व सीमेवर आझाद हिंद सेनेचे शिपाई इम्फाळच्या वाटेवर हिंदी पलटणींच्याच समोर उभे ठाकले होते. अशा वेळी बादशहाच्या राज्यासाठी परमुलखात लढणाऱ्याला कोणत्या कप्प्यात घालावयाचे, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर इतिहासकारांना अवघड वाटला, आणि त्यांनी तो सोडविण्याऐवजी बाजूला ठेवला. काहींनी ‘भाडोत्री’ हा शब्द वापरला. मला हा शब्द उथळ वाटतो. पोटासाठी पत्करलेली चाकरी ही लाजिरवाणी गोष्ट असेल तर महाराष्ट्राच्या अर्ध्या इतिहासाला मान खाली घालावी लागेल, कारण शिलेदार आणि बारगीर हे दोघेही वेतनच घेत असत. शिवाय ज्या शत्रूशी तो लढत होता तो हिटलरचा होता, ही बाब क्षुल्लक नव्हे. उलट, त्याला साम्राज्याचा निष्ठावंत सेवक म्हणून मिरविणाऱ्या त्या वेळच्या प्रचारखात्याचेही ऐकण्याचे कारण नाही. पळसगावच्या त्या तरुणाच्या निष्ठा कोणत्या होत्या हे त्याने कोठे लिहून ठेवलेले नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा मुखत्यारनामा ना त्या प्रचारखात्याजवळ होता, ना तो आपल्याजवळ आहे.

त्याचे पदक त्याच्या विधवेच्या हाती देण्यात आले. त्याची समाधी कोठेच नाही. ज्यांच्या कबरींचा ठाव लागला नाही अशा हजारो शिपायांची नावे रोमच्या दक्षिणेस मोंते कास्सिनोच्या पायथ्याशी हिरव्या संगमरवरी स्तंभांवर कोरलेली आहेत, आणि त्यांत त्याचे नाव आहे. म्हणजे जेथे तो पडला तेथून ते कित्येक मजला दूर आहे. माणगावात त्याचा पुतळा उभा आहे. त्याच्या पलटणीचे स्वातंत्र्यानंतर रूपांतर झाले: छत्रीधारी बनून ती १९४८ मध्ये काश्मिरात झांगडच्या लढाईत होती, १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाइलला आकाशातून उतरली ती हीच. तेव्हाही ‘मराठा’ हे नाव तिने कंसात का होईना, पण राखले होते.

जुलै २०२३ मध्ये मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने या गावच्या नगरपालिकेने आणि तेथील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी पुढाकार घेऊन यशवंत घाडगे याच्या नावाने एक स्मारक उभारले. ते सूर्यघटिकेच्या रूपाचे आहे, आणि आपण सर्व एकाच सूर्याखाली आहोत अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याला जोडले आहे. मोंतोने हे पंधराव्या शतकातील ब्राच्यो या नामांकित सरदाराच्या घराण्याचे गाव. हा ब्राच्यो पैसे घेऊन आज या नगरासाठी तर उद्या त्या नगरासाठी लढे, आणि तरीही त्याच्या गावाला त्याचा अभिमान वाटतो. पगारी शिपायाचे शौर्य कसे मोजावे हा प्रश्न त्या गावाला आपल्याइतका कधी छळला नसावा.

एक काम अजून राहिले आहे, आणि ते फारसे अवघड नाही. गॅझेटच्या परिच्छेदात सेक्शनमधील माणसे पडली म्हटले आहे, पण त्यांतील एकाचेही नाव तेथे नाही. ते त्या कागदाचे प्रयोजनही नव्हते. इटलीत पडलेल्या ५,७८२ हिंदी शिपायांची नावे राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाच्या नोंदवह्यांत पलटण आणि तारीख यांसह लावून ठेवलेली आहेत. तिसऱ्या मराठा पलटणीखाली १० जुलै १९४४ या तारखेला कोणकोणती नावे येतात, ती कोणत्या तालुक्यांची आणि कोणत्या गावांची आहेत, हे कोणीतरी उतरून काढावे, आणि माणगावच्या पुतळ्याखाली जागा असेल तर तेथेच लावावे.